मद्यपानविषयक स्व-अहवाल प्रश्नावलींची अचूकता

मद्यपानविषयक स्व-अहवाल प्रश्नावली म्हणजे व्यक्तीने स्वतःच्या मद्यपानाची वारंवारता, प्रमाण आणि परिणाम यांविषयी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारलेले मोजमापाचे साधन होय. मद्यासक्तीचे निदान, उपचारांचे मूल्यमापन आणि लोकसंख्येतील मद्यपानाचा अंदाज या तिन्ही कामांसाठी जगभर मुख्यतः अशाच प्रश्नावली वापरल्या जातात. मद्यपान करणारी व्यक्ती आपल्या पिण्याविषयी खरे सांगत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे या उत्तरांवर किती विसंबावे, ती कशाशी ताडून पाहावीत आणि चूक नेमकी कोठे होते, हे तपासणे ही मद्यासक्ती संशोधनाची एक स्वतंत्र शाखा बनली आहे. भारतात या विषयावरील महत्त्वाचे काम गोवा, दिल्ली आणि बंगळूर येथे झाले आहे. महाराष्ट्रात मद्यसेवनाचा परवाना, मापांची बोलीभाषेतील नावे आणि ग्रामीण समाजातील प्रतिष्ठेच्या कल्पना यांमुळे या प्रश्नाला वेगळे परिमाण लाभले आहे.

संकल्पना आणि संज्ञा

मोजमापाच्या कोणत्याही साधनाची पारख दोन कसोट्यांवर होते. पहिली विश्वसनीयता. तीच प्रश्नावली त्याच व्यक्तीला थोड्या दिवसांच्या अंतराने पुन्हा दिल्यास उत्तर तेच येते का, हे तीत पाहिले जाते. दुसरी वैधता. जे मोजायचे आहे तेच प्रश्नावली मोजते का, हे तीत तपासले जाते. या दोन कसोट्या परस्परांपासून भिन्न आहेत. दररोज पिणारा माणूस दोन्ही वेळा ‘मी पीत नाही’ असे सांगत असेल, तर त्याचे उत्तर पूर्णपणे विश्वसनीय, परंतु पूर्णपणे अवैध ठरते.

चाळणी प्रश्नावलीच्या वैधतेसाठी आणखी दोन संज्ञा वापरतात. ज्यांना खरोखर विकार आहे, त्यांपैकी किती जणांना प्रश्नावलीने अचूक ओळखले, ते प्रमाण म्हणजे संवेदनक्षमता. ज्यांना विकार नाही, त्यांपैकी किती जणांना तिने योग्य रीतीने वगळले, ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. प्रश्नावलीची गुणमर्यादा खाली आणली की संवेदनक्षमता वाढते आणि विशिष्टता घटते. मर्यादा वर नेल्यास याच्या उलट घडते. योग्य मर्यादा त्या त्या समाजात तपासूनच ठरवावी लागते.

प्रमुख प्रश्नावली

मिशिगन मद्यासक्ती चाळणी, संक्षेपाने ‘मास्ट’, ही मेल्विन सेल्झर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत २५ प्रश्न आहेत. ‘केज’ ही जॉन यूइंग यांनी तयार केलेली प्रश्नावली अवघ्या चार प्रश्नांची आहे. पिणे कमी करावे असे कधी वाटले का, लोकांच्या टीकेचा राग आला का, अपराधी वाटले का आणि सकाळी उठल्याबरोबर प्यावे लागले का, एवढेच ती विचारते. दोन किंवा अधिक होकार आल्यास सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली ‘ऑडिट’ ही आज सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली आहे. ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतील प्राथमिक आरोग्यसेवेतील रुग्णांच्या अभ्यासातून ती घडली आणि १९९३ मध्ये जॉन सॉन्डर्स व सहकाऱ्यांनी तिचा अहवाल प्रसिद्ध केला. तिच्या दहा प्रश्नांपैकी पहिले तीन मद्याच्या प्रमाणाविषयी, पुढचे तीन अवलंबित्वाच्या लक्षणांविषयी आणि शेवटचे चार दुष्परिणामांविषयी आहेत. प्रत्येक प्रश्नाला जास्तीत जास्त ४ गुण, म्हणजे एकूण ४० गुण मिळू शकतात. ८ किंवा अधिक गुण हे धोकादायक मद्यपानाचे लक्षण मानतात. १६ ते १९ गुणांना समुपदेशन व सातत्याने पाठपुरावा सुचवला जातो, तर २० आणि त्यापुढील गुणांना अवलंबित्वाचे सखोल निदान करावे असे सांगितले जाते. मूळ अभ्यासात ८ या मर्यादेला संवेदनक्षमता ९२ टक्के आणि विशिष्टता ९४ टक्के आढळली होती.

ठरावीक काळात प्रत्यक्ष किती मद्य घेतले हे मोजण्यासाठी लिंडा सोबेल आणि मार्क सोबेल यांनी विकसित केलेली दिनदर्शिका पद्धत वापरतात. उत्तर देणाऱ्यासमोर दिनदर्शिका ठेवून सण, पगाराचा दिवस, लग्नकार्य, आजारपण अशा खुणांच्या आधारे प्रत्येक दिवसाचे मद्यपान आठवून नोंदवले जाते. ‘साधारणपणे किती पिता?’ या ढोबळ प्रश्नापेक्षा ही पद्धत वेळखाऊ आहे, परंतु अनियमित पिणाऱ्यांच्या बाबतीत ती अधिक तपशील देते.

चुकीची कारणे

स्व-अहवालातील चूक म्हणजे जाणूनबुजून बोललेले खोटे, असे समजणे अपुरे आहे. संशोधकांच्या मते चुकीचे मुख्य प्रकार चार आहेत.

पहिला प्रकार विस्मरणाचा. मद्याचा परिणाम स्मरणशक्तीवरच होत असल्याने सर्वाधिक पिलेल्या दिवसांचीच आठवण सर्वांत पुसट असते. शिवाय, वर्षभराचा हिशेब विचारल्यावर माणूस दिवस मोजत बसत नाही. आपण कसे पिणारे आहोत याविषयी मनात असलेल्या प्रतिमेवरून तो अंदाज सांगतो.

दुसरा प्रकार प्रतिष्ठा राखण्याचा. समाजाला मान्य होईल असे उत्तर देण्याची प्रवृत्ती मानसशास्त्रात सुपरिचित आहे. तिचे मोजमाप करण्यासाठी डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० मध्ये स्वतंत्र मापनश्रेणी प्रसिद्ध केली. तरुणांच्या टोळक्यात हीच प्रवृत्ती उलट दिशेनेही काम करते आणि प्यायल्याचे प्रमाण फुगवून सांगितले जाते.

तिसरा प्रकार परिणामांच्या भीतीचा. नोकरी, वाहन परवाना, न्यायालयातील खटला, मुलांचा ताबा किंवा औषधोपचार यांवर उत्तराचा परिणाम होणार असेल, तर लपवणूक वाढते.

चौथा प्रकार प्रश्न न समजण्याचा. यात उत्तर देणारा प्रामाणिक असतो, स्मरणही शाबूत असते, तरीही आकडा चुकतो. भारतीय परिस्थितीत हा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे.

प्रमाण पेय आणि प्रत्यक्ष माप

‘ऑडिट’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत ‘पेय’ हे एकक वापरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेनुसार एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. भारतात बनणाऱ्या व्हिस्की, रम, ब्रँडी यांची तीव्रता साधारणतः ४२.८ टक्के असते, म्हणून ३० मिलिलिटरच्या एका ‘स्मॉल’ मापात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. परंतु ग्राहक प्रमाण पेयात मोजत नाही. तो बाटलीत किंवा ग्लासात मोजतो. नेहमीच्या मापांचा हिशेब असा होतो :

• ६० मिलिलिटरचे ‘लार्ज’ : सुमारे २० ग्रॅम, म्हणजे २ प्रमाण पेये
• ९० मिलिलिटरची ‘नाइन्टी’ : सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे ३ प्रमाण पेये
• १८० मिलिलिटरची ‘क्वार्टर’ : सुमारे ६१ ग्रॅम, म्हणजे ६ प्रमाण पेये
• ६५० मिलिलिटरची ५ टक्के तीव्रतेची बिअर : सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे अडीच प्रमाण पेये
• ६५० मिलिलिटरची ८ टक्के तीव्रतेची ‘स्ट्राँग’ बिअर : सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे ४ प्रमाण पेये

हातभट्टीच्या दारूची तीव्रता प्रत्येक भट्टीगणिक आणि प्रत्येक धारेगणिक बदलते, त्यामुळे तिचे रूपांतर निश्चितपणे करता येत नाही.

या फरकाचा गुणांवर होणारा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होतो. एखादा माणूस रोज रात्री एक क्वार्टर घेतो. ‘किती वेळा पिता?’ या प्रश्नाला ‘रोज’ हे उत्तर देऊन त्याला ४ गुण मिळतात. ‘एका वेळी किती पेये?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘एक’ म्हणतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच बाटली असते. त्यावर ० गुण मिळतात. ‘एका बैठकीत सहा किंवा अधिक पेये किती वेळा?’ याला तो ‘कधीच नाही’ म्हणतो आणि पुन्हा ० गुण मिळतात. पहिल्या तीन प्रश्नांची बेरीज ४ होते आणि उरलेल्या प्रश्नांवरही काही न आढळल्यास तो सुरक्षित गटात मोडतो. योग्य रूपांतर केल्यास मात्र रोज सहा पेयांमुळे दुसऱ्या प्रश्नाला २ आणि तिसऱ्याला ४ गुण मिळून बेरीज १० होते. म्हणजे केवळ पहिल्या तीन प्रश्नांवरच तो ८ ची मर्यादा ओलांडतो. येथे कोणीही खोटे बोललेले नसते. एकक चुकल्याने एक रुग्ण हातातून निसटतो.

अचूकता तपासण्याच्या पद्धती

निदानात्मक मुलाखत

प्रशिक्षित चिकित्सकाने ठरावीक निकषांनुसार घेतलेल्या मुलाखतीशी प्रश्नावलीचा निष्कर्ष ताडणे ही सर्वाधिक रूढ पद्धत आहे. दोहोंतील एकमत केवळ योगायोगाने किती होऊ शकले असते, हे वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ हा गुणांक वापरतात. या पद्धतीची मोठी मर्यादा अशी की, मुलाखतही अखेर त्याच व्यक्तीच्या कथनावर आधारलेली असते. जो प्रश्नावलीत लपवतो, तो डॉक्टरांपुढेही लपवू शकतो आणि मग दोन चुकीच्या उत्तरांचे एकमत अचूकतेचा आभास निर्माण करते.

निकटवर्तीयांची साक्ष

पत्नी, आईवडील, भाऊ किंवा मित्र यांना स्वतंत्रपणे विचारून उत्तरांची तुलना केली जाते. घरात घडणारे परिणाम कुटुंबीयांना नेमके ठाऊक असतात, परंतु घराबाहेर किती प्यायले हे त्यांना क्वचितच कळते. निकटवर्तीयांची साक्ष रुग्णाच्या कथनापेक्षा नेहमीच अधिक खरी असते, असे संशोधनात आढळलेले नाही. अनेकदा रुग्ण स्वतःच निकटवर्तीयांपेक्षा अधिक मद्यपान मान्य करतो.

जैवसूचक

रक्त, मूत्र, श्वास किंवा केस यांतील रासायनिक खुणांना जैवसूचक म्हणतात. त्यांचे बलस्थान आणि उणीव दोन्ही त्यांच्या कालमर्यादेत आहेत. श्वासातील किंवा रक्तातील अल्कोहोल काही तासांत नाहीसे होते. मूत्रातील एथिल ग्लुकुरोनाइड सुमारे दोन ते तीन दिवसांपर्यंत आढळते. रक्तातील फॉस्फटिडिलएथेनॉल दोन ते चार आठवड्यांचे मद्यपान दर्शवू शकते. यकृताशी संबंधित गामा जीटी हे विकर स्वस्त चाचणीत मोजता येते, मात्र स्थूलता, काही औषधे आणि यकृताचे अन्य आजार यांमुळेही ते वाढते. सीडीटी ही चाचणी अधिक विशिष्ट असली तरी तिच्यातून प्रामुख्याने सलग काही दिवसांचे जड मद्यपानच कळते. यांपैकी कोणतीही चाचणी गेल्या वर्षभराचे मद्यपान, पिण्यावरील सुटलेले नियंत्रण किंवा घरातील कलह मोजू शकत नाही. त्यामुळे जैवसूचक प्रश्नावलीची जागा घेऊ शकत नाहीत, ते तिला जोड देतात.

विक्रीच्या आकड्यांशी तुलना

सर्वेक्षणातून निघालेले एकूण मद्यपान उत्पादन शुल्काच्या नोंदींतील विक्रीशी ताडले जाते. पाश्चात्त्य देशांतील अशा तुलनांत लोकांनी सांगितलेले मद्य विकल्या गेलेल्या मद्याच्या साधारण ४० ते ६० टक्केच भरते. ही तूट केवळ लपवणुकीची नसते. जड मद्यपी सर्वेक्षणात घरी सापडत नाहीत, रुग्णालये, तुरुंग आणि बेघर वस्त्या वगळल्या जातात, हेही त्याचे कारण असते. भारतात हातभट्टी, ताडी आणि करचुकवेगिरीचे मद्य नोंदींबाहेर राहत असल्याने ही कसोटी आणखी अवघड होते.

अनुमानाचे गणित

अचूकतेतील थोड्या फरकाने प्रत्यक्षात किती माणसांवर परिणाम होतो, हे कल्पित उदाहरणाने पाहता येते. समजा, एका गावातील १,००० प्रौढ पुरुषांपैकी १०० जणांना मद्यविकार आहे. प्रश्नावलीची संवेदनक्षमता आणि विशिष्टता प्रत्येकी ९० टक्के असेल, तर १०० पैकी ९० जण ओळखले जातील. त्याचबरोबर विकार नसलेल्या ९०० जणांपैकीही ९० जण चुकून संशयित ठरतील. म्हणजे ‘संशयित’ शिक्का बसलेल्या १८० जणांपैकी निम्मेच खरे रुग्ण असतील. याच गावात गुप्ततेची खात्री नसल्याने लपवणूक वाढली आणि संवेदनक्षमता ६० टक्क्यांवर आली, तर ४० रुग्ण कोणाच्याही नजरेस पडणार नाहीत. यावरून दोन गोष्टी निघतात. चाळणीचा निष्कर्ष म्हणजे निदान नव्हे आणि शिक्का न बसणे म्हणजे निर्दोष असण्याची हमी नव्हे.

ऐतिहासिक वाद

सोबेल दांपत्याने कॅलिफोर्नियातील पॅटन राज्य रुग्णालयात केलेला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. मद्यासक्त रुग्णांपैकी काहींना पूर्ण त्यागाऐवजी नियंत्रित मद्यपान शिकवता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. मेरी पेन्डरी, अर्व्हिंग माल्ट्झमन आणि जोलियन वेस्ट यांनी त्याच रुग्णांचा पुन्हा शोध घेऊन १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या निष्कर्षाला आव्हान दिले. टोरांटो येथे नेमलेल्या डिकन्स समितीने त्याच वर्षी सोबेल यांच्यावरील अप्रामाणिकपणाचा आरोप निराधार ठरवला. पण पाठपुराव्यातील माहिती किती स्रोतांतून आणि किती काळजीपूर्वक गोळा करावी, हा प्रश्न या वादाने ऐरणीवर आणला.

अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ रुग्णांच्या उपचार-चाचणीतील माहितीच्या आधारे टॉमस बेबर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये रुग्णाचे कथन, निकटवर्तीयांची साक्ष आणि रक्तचाचण्या यांची तुलना केली. उपचारांच्या प्रारंभी रुग्ण आणि निकटवर्तीय यांच्यात एकमत अधिक होते. पुढील पाठपुराव्यात ते घटले. मदत मागायला आलेला माणूस आपली अवस्था मोकळेपणाने सांगतो, उपचारांनंतर मात्र सुधारणा दाखवण्याचे दडपण त्याच्यावर येते, असा याचा अर्थ लावता येतो. तथापि, योग्य रीतीने घेतलेल्या स्व-अहवालात अन्य साधनांनी फारशी मोलाची भर पडली नाही, असेही या अभ्यासात दिसले.

भारतातील आणि गोव्यातील संशोधन

भारतात ‘ऑडिट’ची तपासणी २००० नंतरच्या दशकात सुरू झाली. बंगळूरच्या निम्हान्समधील मनोरुग्णांवरील अभ्यास २००३ मध्ये, तर उत्तर भारतातील शहरी वस्ती आणि व्यसनमुक्ती केंद्र यांतील नमुन्यांवरील अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोव्यात ‘संगथ’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने या क्षेत्रात सातत्याने काम केले. औद्योगिक कामगारांच्या २००३ मधील अभ्यासात ‘ऑडिट’च्या आधारे सुमारे २१ टक्के पुरुष धोकादायक मद्यपान करणारे आढळले. मधाबिका नायक, टॉमस ग्रीनफिल्ड, विक्रम पटेल आदींनी पुढे मोजमापाच्या साधनांकडेच लक्ष वळवले. २००८ मधील त्यांच्या एका शोधनिबंधाचा विषय सर्व पेये सारखी नसतात, हाच होता. भारतीय मद्यांची तीव्रता आणि ग्लासात प्रत्यक्ष ओतले जाणारे माप विचारात न घेतल्यास मद्यपानाचा अंदाज चुकतो, असे त्यात दाखवले गेले. गोव्यासाठी हा मुद्दा फार व्यवहार्य आहे, कारण तेथे काजूच्या पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक आणि तीव्र फेणी ही दोन्ही पेये एकाच फळापासून होतात. ‘दोन ग्लास’ या उत्तरावरून त्यांपैकी काय घेतले, हे कळत नाही.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल व सहकाऱ्यांची गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ‘ऑडिट’वर १२ ते १९ गुण मिळालेल्या ३७७ पुरुषांचा तीत समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी काही जणांना जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी ‘ऑडिट’चे गुण ८ च्या खाली आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन गटात ३६ टक्के, तर तुलना गटात २६ टक्के होते. मागील १४ दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के आढळले. जे पीत राहिले, त्यांच्या दैनंदिन प्रमाणात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

स्व-अहवालाच्या दृष्टीने या चाचणीचे महत्त्व दुहेरी आहे. रुग्ण निवडणे आणि परिणाम मोजणे ही दोन्ही कामे प्रश्नावलीनेच झाली. म्हणून समुपदेशन घेतलेल्यांनी समुपदेशकाला बरे वाटावे म्हणून ‘सोडली’ असे सांगितले असेल, ही शंका स्वाभाविक ठरते. तिचे निवारण करण्यासाठी परिणामांची नोंद घेणाऱ्या स्वतंत्र व्यक्तींना कोणता रुग्ण कोणत्या गटातील आहे, हे कळू दिले नव्हते. त्यामुळे नोंद घेणाऱ्याचा पूर्वग्रह टळतो, परंतु उत्तर देणाऱ्याला स्वतःचा गट ठाऊक असतोच. बारा महिन्यांनंतरच्या पाठपुराव्यातही समुपदेशन गटाची सरशी टिकून होती, ही बाब तात्पुरत्या शिष्टाचारापोटी दिलेल्या उत्तरांच्या शक्यतेविरुद्ध जाते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

कायद्याचा परिणाम

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून मद्य बाळगण्यासाठी व सेवनासाठी परवाना आवश्यक आहे. बिअरसाठी किमान वय २१ आणि अन्य तीव्र मद्यांसाठी २५ वर्षे आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. परिणामी ‘तुम्ही मद्य घेता का?’ या प्रश्नाला दिलेला होकार हा अनेकांच्या बाबतीत कायदेभंगाची कबुली ठरू शकतो. बंदी असलेल्या जिल्ह्यात सर्वेक्षणातील आकडा घटला, तर पिणे कमी झाले की सांगणे कमी झाले, हे केवळ प्रश्नावलीवरून ठरवता येत नाही.

सर्वेक्षणांतील तफावत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, १५ वर्षांवरील पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे १९ टक्के, महाराष्ट्रात सुमारे १४ टक्के आणि गोव्यात सुमारे ३७ टक्के नोंदवले गेले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील पुरुषांसाठी हेच राष्ट्रीय प्रमाण २७.३ टक्के आले. दोन्ही सर्वेक्षणे लागोपाठच्या वर्षांतील आहेत. वयोगट, प्रश्नाची शब्दरचना आणि एकूण मुलाखतीचा विषय यांत फरक आहे. कुटुंबाच्या आरोग्याविषयीच्या दीर्घ मुलाखतीत ओघाने आलेला एक प्रश्न आणि व्यसनांविषयीच घेतलेली मुलाखत यांतून वेगळी उत्तरे मिळणे आश्चर्याचे नाही. म्हणून दोन सर्वेक्षणांतील आकड्यांची थेट वजाबाकी करून मद्यपान वाढले किंवा घटले असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

भाषा आणि ग्रामीण समाज

मराठीत प्रश्नावली आणताना शब्दशः भाषांतर पुरेसे ठरत नाही. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करवून ताडण्याची पद्धत रूढ आहे, पण तीतून शब्दांच्या सामाजिक छटा पकडता येत नाहीत. ‘दारू पिता का?’ या प्रश्नात आरोपाचा सूर आहे. ‘मद्यपान करता का?’ हे पुस्तकी वाटते. ‘कधी घेता का?’ ही बोलीतील सौम्य रचना मोकळे उत्तर मिळवू शकते. शिवाय अनेकांच्या लेखी बिअर किंवा ताडी ही ‘दारू’ नसते, म्हणून प्रत्येक प्रकाराचा नाव घेऊन उल्लेख करावा लागतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरील कडेगाव तालुक्यासारख्या भागात प्रश्नावली वापरायची झाल्यास आणखी काही बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने येथे उसाची शेती वाढली. गळीत हंगामात ऊसतोडणी व वाहतुकीच्या कामाला वेग येतो आणि हातात रोख पैसा खेळतो, तर पावसाळ्यात चित्र वेगळे असते. ‘मागील महिन्यात किती?’ या प्रश्नाचे जानेवारीतील आणि जुलैतील उत्तर एकच माणूस वेगळे देऊ शकतो. तोडणीसाठी परजिल्ह्यांतून आलेले मजूर तळांवर राहत असल्याने घरोघरच्या यादीत त्यांची नावेच नसतात.

वारकरी परंपरेचा प्रभावही येथे मोठा आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माळकरी मांसमद्य वर्ज्य मानतो. अशा व्यक्तीच्या हातून एखाद्या वेळी मद्य घेतले गेल्यास तिला तीव्र अपराधी वाटते. ‘केज’ आणि ‘ऑडिट’ या दोहोंत अपराधीपणाचा प्रश्न असल्याने क्वचित पिणाऱ्या व्यक्तीचे गुण वाढू शकतात. दुसरीकडे, रोज पिणाऱ्या आणि त्यात वावगे न वाटणाऱ्या व्यक्तीला त्याच प्रश्नावर शून्य मिळते. स्त्रियांच्या बाबतीत लपवणुकीचे दडपण अधिकच असते.

प्रश्न कोण विचारतो यालाही महत्त्व आहे. गावातीलच आशा स्वयंसेविकेने विचारल्यास ओळखीमुळे दार उघडते, पण बातमी घरापर्यंत जाईल या भीतीने उत्तर बदलते. गुप्ततेचे मोल महाराष्ट्रातील एका वेगळ्या अनुभवातूनही दिसते. गावातील दारू दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ हे चिन्ह असलेले मतदान होते, तेव्हा ते गुप्त पद्धतीने घेतले जाते. चारचौघांत हात वर करून जे मत देणे कठीण असते, ते चिठ्ठीवर देता येते.

अचूकता वाढवण्याचे उपाय

आजवरच्या संशोधनातून पुढील उपाय सर्वसाधारणपणे मान्य झाले आहेत :

• मुलाखतीच्या वेळी व्यक्ती शुद्धीत असावी. शक्य असल्यास श्वासचाचणी करावी.
• मुलाखत एकांतात घ्यावी. सासू, पत्नी, मुले किंवा शेजारी समोर असता विचारू नये.
• उत्तरे कोणाला कळणार नाहीत आणि त्यांचा उपयोग कशासाठी होणार, हे आधी स्पष्ट सांगावे आणि ते वचन पाळावे.
• ‘पेय’ न म्हणता क्वार्टर, नाइन्टी, ग्लास, बाटली अशी ओळखीची मापे चित्रांसह दाखवावीत आणि ग्रॅममधील रूपांतर संशोधकाने करावे.
• ‘पिता का?’ असे विचारण्याऐवजी ‘शेवटचे कधी घेतले?’ असे विचारावे, म्हणजे नकार देणे हा सोपा मार्ग उरत नाही.
• अलीकडच्या काळासाठी दिनदर्शिका वापरावी आणि बाजाराचा दिवस, जत्रा, पगार अशा स्थानिक खुणांचा आधार द्यावा.
• निरक्षर किंवा संकोची व्यक्तींसाठी कानात ऐकू येणारे ध्वनिमुद्रित प्रश्न आणि बटण दाबून उत्तर देण्याची सोय करावी.
• काही जणांच्या बाबतीत जैवसूचक चाचणी घेऊन उत्तरांची पडताळणी करावी.

संपूर्ण समूहातील प्रमाण काढायचे असेल, तर स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेली यादृच्छिक प्रतिसाद पद्धतही उपयोगी पडते. तीत कोणत्या विधानाला उत्तर द्यायचे, हे उत्तर देणारा फासा किंवा चक्री यांच्या साहाय्याने ठरवतो आणि ते प्रश्नकर्त्याला कळत नाही. त्यामुळे एका व्यक्तीचे उत्तर गुप्त राहते, पण अनेकांच्या उत्तरांवरून एकूण प्रमाण गणिताने काढता येते. वैयक्तिक निदानासाठी मात्र ही पद्धत निरुपयोगी आहे.

मूल्यमापन

स्व-अहवाल सरसकट त्याज्य आहे किंवा सरसकट ग्राह्य आहे, या दोन्ही भूमिका संशोधनाच्या कसोटीवर टिकलेल्या नाहीत. उत्तराची अचूकता उत्तर देणाऱ्याच्या स्वभावाइतकीच विचारण्याच्या परिस्थितीवर अवलंबून असते. उपचारांसाठी स्वेच्छेने आलेली व्यक्ती, वाहन चालवताना पकडलेली व्यक्ती आणि घरच्यांसमोर बसून सर्वेक्षणाला उत्तर देणारी व्यक्ती या एकाच प्रश्नावलीवर वेगवेगळ्या रीतीने वागतात. पुण्यातील मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्णासोबत कुटुंबीयांनाही उपचारप्रक्रियेत सहभागी करून घेतात. त्यामुळे एकाच घटनेची एकाहून अधिक कथने उपलब्ध होतात आणि कोणा एकाच्या शब्दावर सारा भार पडत नाही.

चुकीच्या मोजमापाचे परिणाम केवळ शास्त्रीय नसतात. प्रमाण कमी नोंदवले गेल्यास तालुक्याच्या आरोग्य आराखड्यात व्यसनमुक्तीसाठी तरतूद होत नाही. वाढीव नोंदवले गेल्यास निरपराध व्यक्तींवर शिक्का बसतो. उपचारांचा परिणाम फुगवून दिसल्यास निष्प्रभ पद्धतीवर पैसा खर्च होतो. उलट, प्रामाणिक उत्तरांवर अविश्वास दाखवल्यास बरे होऊ पाहणारा रुग्ण दुरावतो. यामुळे प्रश्नावली वापरण्यापूर्वी ती त्या भाषेत, त्या समाजात आणि त्या मापांसह तपासणे हा मद्यासक्ती संशोधनाचा आवश्यक टप्पा मानला जातो.